साडीला खिसा नसतो

संध्याकाळ झाली की सोसायटीच्या कट्ट्यावर पावलांचे हिशेब सुरू होतात. कुणाची साडेआठ हजार, कुणाची अकरा. रोज गाठायचा म्हणतात तो दहा हजारांचा आकडा काही डॉक्टरांनी घालून दिलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये बाजारात आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राने तो लोकांच्या डोक्यात बसवला. पावलं मोजून दिवसभरात किती चाललो ते समजतं. किती चालू शकतो, हा प्रश्न तसाच राहतो.

तो प्रश्न दवाखान्यात फार साधेपणाने विचारतात. तीस मीटरचा सरळ कॉरिडॉर, दोन टोकांना दोन खुणा, आणि सहा मिनिटं. जमेल तेवढं अंतर कापायचं, पण पळायचं नाही. दम लागला तर भिंतीला टेकून थांबावं. घड्याळ मात्र चालू राहतं. चाचणी घेणाऱ्याने दर मिनिटाला ठरलेली वाक्यंच बोलायची, तीही एकाच सुरात. 'वा काका, चला चला!' असा हुरूप दिला की माणूस जास्त अंतर काटतो आणि मग दोन चाचण्यांची तुलनाच करता येत नाही. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २००२ साली या चाचणीचे नियम घालून दिले. कौतुकालाही माप लावणारा हा नियम मला त्यात सगळ्यात शहाणा वाटतो.

२०१५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 'मायहार्ट काउंट्स' या अ‍ॅपने हीच सहा मिनिटं फोनवर आणली. वळणावळणाच्या बागेत जीपीएस कोपरे कापतो, अंतर थोडं इकडेतिकडे होतं, ते चालायचंच. फोनची खरी ताकद वेगळीच आहे. डॉक्टरांसमोर आजोबा छाती काढून चालतात. दूध आणायला निघालेले आजोबा निराळे, आणि ते फक्त फोनला दिसतात. चालण्याचा वेग, पावलाची लांबी, दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर टेकलेले असण्याचा काळ, डाव्या-उजव्या पायातली तफावत, हे सगळं तो गुपचूप टिपतो. आयफोन तर २०२१ पासून चाल डळमळू लागली की तशी सूचनाही देतो. वय झाल्यावर पावलांच्या बेरजेपेक्षा वेग हळूहळू उतरतोय का, हे बघणं जास्त मोलाचं.

पण या मोजमापाची एक अट आहे: फोन कमरेजवळ, खिशात हवा. म्हणजे आजोबांची सोय झाली. आजींचं काय? त्यांचा फोन चार्जिंगला लावलेला, नाहीतर पर्सच्या तळाशी. वाळवण बघायला त्या गच्चीवर जातात तेव्हा एक हात कठड्याला असतो. दोन्ही पावलं एका पायरीवर आणल्याशिवाय पुढची पायरी चढत नाहीत. गेल्या वर्षी असं नव्हतं. नेमकं टिपायला हवं ते हेच, आणि ते कुठेच नोंदलं जात नाही. मुलाने हौसेने मनगटाला पट्टा बांधून दिला, तर तो कणीक मळतानाही अधूनमधून पावलं मोजतो आणि मंडईतल्या हातगाडीवर हात टेकून त्या चालू लागल्या की गप्प बसतो.