पानावरचा पंक्तिप्रपंच

मराठीत 'पान' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. पुस्तकाचेही पान आणि जेवणाचेही पान. दोन्ही पाने मांडावी लागतात आणि मांडणी बिघडली की माणसे दुखावतात. जेवणाच्या पानाला आपल्याकडे शिस्त आहे. वर मधोमध मीठ, डाव्या बाजूला लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजव्या बाजूला भाज्या. मध्ये भाताची मूद आणि तिच्यावर वरण. एकाच पंगतीत एकाच्या पानावर तुपाची धार आणि शेजारच्याच्या पानावर नुसता थेंब पडला, तर त्याला आपण पंक्तिप्रपंच म्हणतो आणि तो दोष मानतो. पुस्तकाच्या पानालाही असा काही नीतिनियम असू शकतो, हे मात्र आपल्या मनात येत नाही. आज ज्या घरात दुसरे एकही पुस्तक नाही, तिथेसुद्धा एक पुस्तक हमखास असते : लग्नाचा अल्बम. त्याची पाने संगणकावर मांडली जातात. या मांडणीत पंक्तिप्रपंच होतो का, आणि होत असेल तर त्याचा जाब कुणी द्यायचा, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

प्रश्न क्षुल्लक वाटेल. फोटो तो काय आणि त्याची मांडणी ती काय! पण बेळगावच्या पश्चिमेकडचे, राकसकोपच्या परिसरातले बेळगुंदीसारखे एखादे गाव डोळ्यांसमोर आणा. इथल्या बहुतेक घराण्यांचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही. सात-बारावर नावे आहेत, पण चेहरे नाहीत. आजोबांची आई कशी दिसायची, हे विचारले तर सांगणारे माणूस उरलेले नसते. अशा घरात पुढच्या पिढीला मागची पिढी भेटणार ती अल्बममध्येच. जो त्या पानांवर आहे तो होता, आणि जो नाही तो जणू नव्हताच. एवढा मोठा निकाल ज्या कामाने लागतो, ते काम क्षुल्लक कसे म्हणावे?

आता हे काम कसे चालते ते पाहू. पूर्वी फिल्मच्या एका रोलमध्ये ३६ फोटो निघत. त्यामुळे फोटोग्राफर जपून कळ दाबी. आता एका लग्नाचे दोन-तीन हजार फोटो सहज निघतात. त्यांतले काहीशे निवडून शहरातल्या डिझाइनरकडे जातात. स्टुडिओवाले ज्याला 'करिझ्मा' म्हणतात, त्या अल्बमचे एक उघडे दुपान बहुधा १२ इंच उंच आणि ३६ इंच रुंद असते. इंचाला ३०० ठिपके धरले, तर अशा एका दुपानात ३ कोटी ८८ लाखांहून अधिक ठिपके भरतात. एवढी ऐसपैस जागा! पण ती मोकळी नसते. डिझाइनरजवळ तयार नमुने असतात. त्यांत चौकटी आधीच आखलेल्या असतात : मध्ये एक मोठी, बाजूला चार लहान, कोपऱ्यात फुलांची वेल. फोटो उचलून चौकटीत सोडायचा. चौकटीबाहेर जे उरेल ते दिसेनासे होते. आता काही सॉफ्टवेअर त्याच्याही पुढे गेली आहेत. ती चेहरे ओळखतात, मिटलेल्या डोळ्यांचे फोटो बाजूला काढतात, वेळेप्रमाणे क्रम लावतात आणि एक कळ दाबताच सगळी पाने भरून देतात.

पंगत आणि हा नमुना यांतला फरक इथेच आहे. पंगतीत माणसे मोजून पाने मांडतात. दहा माणसे आली तर दहा पाने, अकरावा आला तर दाटीवाटी करून अकरावे. नमुन्यात चौकटी आधी ठरतात आणि माणसांना त्यांत बसवावे लागते. चार मामा आणि चौकटी तीन, म्हटल्यावर एक मामा उठतो. तो कुणी उठवला? डिझाइनरने? त्याने तर चौथ्या मामाला कधी पाहिलेलेही नाही. सॉफ्टवेअरने? त्याला चेहरा ओळखता येतो, नाते ओळखता येत नाही. आंतरपाट धरून उभा असलेला हात कुणाचा आहे, हे त्याला कळत नाही; तो हात चौकटीच्या कडेला येतो म्हणून कापला जातो. कुणाच्याही मनात वाकडे नसताना एक माणूस पानावरून उठवला जातो. जिथे कुणाचाच हेतू वाईट नव्हता तिथे अन्याय झाला असे म्हणता येईल का, हा नीतिशास्त्रातला जुनाच प्रश्न इथे नव्या वेशात उभा राहतो.

माझ्या मते म्हणता येईल. पंगतीत वाढप्याचे लक्ष नव्हते म्हणून एखाद्याचे पान कोरडे राहिले, तरी तो माणूस उपाशीच उठतो. हेतू नव्हता एवढ्याने भूक भागत नाही. फार तर दोष सौम्य होतो. जबाबदारी जात नाही. आणि ही जबाबदारी शहरातल्या त्या डिझाइनर मुलावर ढकलून यजमानाला मोकळे होता येणार नाही. वाढपी भाड्याचा असला तरी पंगत यजमानाची असते.

मग सगळ्यांना सारख्या चौकटी द्याव्यात का? वरवर हा न्याय सोपा दिसतो. पण एका दुपानावर चाळीस सारखे चौकोन मांडून पाहा. कुणीच दिसत नाही. नवरीच्या आईच्या डोळ्यांत कन्यादानाच्या वेळी जे दाटून आले, ते दोन इंचांच्या चौकोनात मावत नाही. लग्नात नवरा-नवरीचा मान पहिला, मग आईवडिलांचा, मग मामांचा, हे सगळ्यांना मान्य असते. मानाप्रमाणे आकार लहान-मोठा झाला म्हणून कुणी रुसत नाही. पंगतीतसुद्धा व्याह्यांना पाट आणि रांगोळी मिळते, इतरांना साधी बसकर मिळते. पण अन्न तेच असते. दोष पाट देण्यात नाही. तो ताटात डावे-उजवे करण्यात आहे.

तेव्हा आकार आणि अखंडता या दोन गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात. आकार मानाप्रमाणे ठरावा, पण अखंडता सर्वांना सारखी हवी. जो माणूस त्या दिवशी आपला रोजगार बुडवून, एसटीने धक्के खात आला, अक्षता टाकून गेला, तो अल्बममध्ये एकदा तरी, लहान का होईना, पण पुरता दिसला पाहिजे. त्याचा अर्धा कान नवरदेवाच्या फेट्यामागे आणि उरलेला चेहरा दोन पानांच्या घडीत जाता कामा नये.

जुन्या समूह-फोटोत हा न्याय आपोआप होत असे. सबंध लग्नाचे मिळून पाच-दहाच फोटो निघत आणि त्यांतला एक सर्वांचा असे. वडीलधारी खुर्च्यांवर, सुना-लेकी मागे उभ्या, पोरे खाली मांडी घालून. मानपान त्यातही होते. बायका बहुधा मागच्या रांगेत, आणि विधवा आत्या असलीच तर अगदी टोकाला. ती रांग न्यायाची होती असे कोण म्हणेल? पण ती टोकाची आत्यासुद्धा पुरती दिसे, कारण तिला कापायचे तर फोटोच कापावा लागला असता. आता भरपूर फोटो आहेत, म्हणून वगळणे सोपे झाले आहे. हळदीच्या पानावर कोणती बाई चालेल आणि कोणती नाही, हे आता कुणाला उघडपणे बोलावे लागत नाही. तिचा फोटो निवडला नाही की झाले. जी रूढी आपण व्याख्यानांत मोडीत काढली, ती निवडीच्या यादीत गुपचूप जिवंत राहते.

जुन्या काळ्या जाड पानांच्या अल्बमचा आणखी एक गुण होता. फोटो कागदी कोपऱ्यांत अडकवलेले किंवा खळीने चिकटवलेले असत. उद्या भाऊबंदकी झाली आणि कुणी रागाने एखादा फोटो उपटून काढला, तर तिथे पांढरा ओरखडा उरे. लहान मूल विचारी, 'इथे कोण होतं?' आणि घर क्षणभर गप्प होई. काढलेल्या माणसाची जागा बोलत असे. संगणकावर पुसलेल्या माणसाच्या जागी मागची झालर, कनात, फुले जुळवून भरता येतात. ओरखडाच उरत नाही, म्हणून प्रश्नही उरत नाही. राजकारणात याचे भयंकर उदाहरण आहे. मॉस्कोच्या कालव्यावर स्टॅलिनच्या शेजारी उभ्या असलेल्या निकोलाय येझोव्ह या त्याच्या गुप्त पोलिसांच्या प्रमुखाला १९४० मध्ये गोळ्या घातल्या गेल्या, आणि नंतर छापलेल्या त्याच छायाचित्रात येझोव्हच्या जागी पाणी दिसू लागले. त्यासाठी तेव्हा कसबी कारागीर लागले. घटस्फोट झालेल्या सुनेला दिराच्या लग्नाच्या फोटोतून काढण्यासाठी आज पाच मिनिटे पुरतात.

पुसणे वाईट, हे पटकन पटते. पण घालणे? हा प्रश्न जास्त अवघड आहे. मुलीचे वडील लग्नाआधी वारले. आई स्टुडिओत जुना फोटो घेऊन येते आणि म्हणते, 'यांना हिच्या शेजारी उभं करा.' ही मागणी स्टुडिओवाल्यांना नवी नाही, आणि कलाही नवी नाही. इंग्लंडमध्ये हेन्री पीच रॉबिन्सन याने १८५८ मध्ये पाच वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून मरणोन्मुख मुलीचे एक चित्र तयार केले होते, आणि तेव्हाही हे खरे की खोटे म्हणून वाद माजला होता. त्या आईला 'बाई, हे असत्य आहे' असे सांगायला कुणाची जीभ रेटेल? तिला कुणाला फसवायचे नाही. लग्नाला आलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की ते तिथे नव्हते.

पण त्या पानाचे वाचक केवळ लग्नाला आलेले लोक नाहीत. चाळीस वर्षांनी नातू ते पान उघडील आणि आजोबा लग्नात होते असे धरून चालेल. त्यांच्याविना ते लग्न आजीने एकटीने कसे पार पाडले, कुणाकुणापुढे पदर पसरला, हे त्याला कधीच कळणार नाही. नसलेल्या माणसाला उभे करताना असलेल्या बाईचे कष्ट पुसले जातात. म्हणून मला वाटते, वडिलांना जरूर पानावर घ्यावे, पण त्यांच्या स्वतःच्या चौकटीत. हार घातलेल्या तसबिरीसह, खाली नाव आणि वर्ष लिहून. श्राद्धाला आपण त्यांच्यासाठी पान वाढतो, पण ते समोर बसून जेवले असे सांगत नाही. त्या रिकाम्या पाटात जेवढा आदर आहे, तेवढाच त्या वेगळ्या चौकटीत राहील.

आपल्या भागात या पानांवर आणखी एक पंक्तिप्रपंच चालतो. तो अक्षरांचा. सोयरीक निपाणीकडची असो की धारवाडकडची, आपल्या कितीतरी घरांत एक आजी मराठी वाचते आणि दुसरी कन्नड. लग्नपत्रिका आपण दोन्ही लिप्यांत छापतो, कारण पत्रिका माणसाला बोलावण्यासाठी असते. अल्बम मात्र तयार नमुन्यात येतो, आणि हळदीच्या पानावर वळणदार इंग्रजीत प्रेमाचे एखादे वाक्य आधीच बसलेले असते. दोन्ही आज्यांना ते वाचता येत नाही. मराठी आधी की कन्नड आधी, यावर सोयऱ्यांत कुरबूर होईल म्हणून दोघांनाही परके असलेले अक्षर घेतले, ही तडजोड वरून शहाणपणाची दिसते. प्रत्यक्षात दोन्ही पाने कोरडी राहतात. 'अक्का' आणि 'अण्णा' हे शब्द दोन्ही घरांत तेच आहेत. फोटोखाली ते दोन्ही लिप्यांत लिहायला कितीशी जागा लागते?

पानाच्या कडेला असणे म्हणजे काय, हे सीमेवरच्या माणसाला वेगळे सांगायला नको. छपाईनंतर अल्बमची पाने यंत्राखाली कापून सारखी करतात. म्हणून जाणता डिझाइनर कडेपासून थोडी जागा राखतो आणि तिथे कुणाचा चेहरा येऊ देत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नकाशावर ज्या कडा आखल्या गेल्या, त्यांच्यालगत आपली गावे होती. त्यावरचा आपला वाद आणि वेदना इथे उगाळायची नाही. पण ज्यांनी हे सोसले, त्यांनी तरी आपल्या घरच्या पानावर कुणाला कडेला लोटताना क्षणभर थांबावे. कडोली, उचगाव, बेळगुंदी, सांबरा इथे मराठी साहित्य संमेलने भरतात. त्यांच्या स्मरणिकांनाही हे लागू आहे. अध्यक्षांचा फोटो पानभर असावाच. पण पहाटे मांडव घालणारी पोरे आणि दिंडीतल्या कलशधारी मुली कुठेतरी पुरत्या दिसाव्यात, नावानिशी.

कुणी म्हणेल, एवढा काथ्याकूट करायला वेळ कुणाला आहे? पाने भरून देणारी कळ आहे, ती दाबावी आणि मोकळे व्हावे. कळ दाबायला हरकत नाही. जात्यावर दळणारे आपण गिरणीत जाऊ लागलो, म्हणून काही बिघडले नाही. पण गिरणीत जाण्यापूर्वी धान्य निवडणारा हात घरचा होता आणि पीठ चाळणारा हातही घरचाच होता. इथेही आरंभीची निवड आणि शेवटची तपासणी घरात राहिली, तर मधले काम यंत्राने खुशाल करावे.

त्यासाठी एक साधा उपाय आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. पाने छपाईला पाठवण्यापूर्वी ती संगणकावर किंवा फोनवर दोन्हीकडच्या सर्वांत वडील बाईला दाखवावीत. तिला रंगसंगती कळणार नाही, फुलांची वेल कुठे असावी हेही ती सांगणार नाही. ती माणसे मोजील. 'गवळीवाड्यातली काकू आली होती, ती कुठाय?' असे ती विचारील. तेव्हा एक चौकट वाढवावी, नाहीतर फुलांची वेल काढून तिथे काकूला बसवावे.