लाल चड्डीचा प्रश्न

जुलै २०२५मध्ये जेम्स गन यांचा ‘सुपरमॅन’ पडद्यावर आला, तेव्हा त्याच्या चाहत्यांचा एक वाद कित्येक महिने आधीपासून रंगला होता. विषय होता सुपरमॅनची लाल चड्डी. १९३८ साली ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोघांनी निळ्या पोशाखावर ती चढवली, ती त्या काळच्या सर्कशीतल्या ताकदीचे खेळ करणाऱ्या पहिलवानांकडे पाहून. २०११मध्ये कॉमिक्सवाल्यांनीच ती काढली आणि २०१३च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये हेन्री कॅव्हिल तिच्याशिवायच उडाला. गन यांनी ती परत आणल्यावर काहींना आपला जुना सुपरमॅन भेटला, तर काहींना ते पोरकट वाटले. भारतात वादाला आणखी एक फाटा फुटला. सेन्सॉर बोर्डाने सुमारे अर्ध्या मिनिटाचे चुंबनदृश्य कापले आणि तिकीट काढून सुपरमॅन पुरता का पाहायला मिळत नाही, म्हणून इथले चाहते चिडले.

चड्डीवरून मोठ्या माणसांनी भांडावे, हे हसण्यावारी नेता येईल. पण त्यामागचा प्रश्न तसा नाही. कुणीतरी दुसऱ्याने रचलेल्या, दुसऱ्याच्या मालकीच्या नायकाबद्दल ‘हा आमचा नव्हे’ असे म्हणण्याचा अधिकार प्रेक्षकाने स्वतःकडे कधी घेतला?

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ही गोष्ट कॉमिक्सच्या बरीच आधी, देवांपासून सुरू होते. वऱ्हाडातल्या मलकापूरहून महामार्गाने अकोल्याकडे निघाले की नांदुऱ्याला १०५ फुटी हनुमान रस्त्यावरूनच दिसतो. या मूर्तीपुढे थांबणाऱ्या माणसाच्या घरच्या तसबिरीतला मारुती हात जोडून बसलेला असेल, गावच्या पारावरचा नुसता शेंदराचा गोळा असेल, आणखी कुठे तो पंचमुखी असेल. यातला खरा कोणता, असे कुणी विचारत नाही. रामकथेचेही तसेच. कीर्तनकार ती आपल्या ढंगाने सांगतो, दंडार या लोकनाट्यातले सोंग आपल्या ढंगाने नाचते. श्रोत्याला गोष्ट पाठ असते आणि रंगली की नाही एवढेच तो बघतो. न रंगल्यास बसल्या जागी चुळबुळ करतो, आणि सांगणारा शहाणा असेल तर ती बघून सूर बदलतो. दाद आणि नापसंती दोन्ही जागच्या जागी, तोंडावर.

यात पहिला बदल घडवला छापखान्याने. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाप्रेस काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि तिथून लक्ष्मी, सरस्वती, राम, कृष्ण यांची रंगीत चित्रे घरोघर पोहोचली. एकच चेहरा, एकच साडी, कमळ धरण्याची एकच ढब, अशा हजारो प्रती. लक्ष्मी कशी दिसते याचे उत्तर तोवर गावागणिक वेगळे होते, ते आता भिंतीवर टांगलेले सापडू लागले. या छापखान्यासाठी काम केलेल्यांपैकी एक होते धुंडिराज गोविंद फाळके. शिळाछापाच्या धंद्यातून ते सिनेमाकडे वळले आणि त्यांनी १९१३मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. त्यांच्या पौराणिक पटांत लोकांनी देव ओळखले, त्यात या भिंतीवरच्या चित्रांचा वाटा मोठा होता. छापील चित्रावरून सिनेमा करायची आपल्याकडची वाट ही अशी देवघरातून जाते.

तरीही तो प्रेक्षक तक्रारखोर नव्हता. १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच पुरुष नटाने केल्या. सीतेचे दंड सीतेचे वाटत नाहीत म्हणून खेळ बंद पडला नाही. उलट पडद्यावर राम आला की माणसे हात जोडत. कोण नट आहे यापेक्षा कोण प्रकटले आहे, हे मोठे होते.

१९३६मध्ये चक्र उलटे फिरले. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस दिसले, आणि पुढच्या पिढ्यांसाठी तुकोबा म्हणजे पागनीसांचा चेहरा होऊन बसला. आता चित्रावरून सिनेमा नव्हे, सिनेमावरून मनातले चित्र ठरू लागले. त्यानंतर तुकाराम साकारणाऱ्या प्रत्येकाची तुलना लोकांनी तुकारामाशी कमी आणि पागनीसांशी जास्त केली. मूळ कोणते आणि नक्कल कोणती, याचा निवाडा प्रेक्षकाच्या आठवणीकडे आला, तो तेव्हापासून.

कॉमिक्सने या आठवणीला हातात धरता येईल असे पुस्तक दिले. टाइम्स ऑफ इंडियाच्या समूहाने १९६४मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. इंग्रजीबरोबर ते मराठीतही येऊ लागले आणि ली फॉकचा फँटम मराठी मुलांचा वेताळ झाला. वाचनालयातून भाड्याने आणायचा, अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचायचा, पाने सुटेपर्यंत मित्रांमध्ये फिरवायचा. भिंतीवरच्या देवापुढे हात जोडावे लागत. वेताळ दप्तरात मावत होता. कवटीची अंगठी, तुफान नावाचा घोडा आणि गुहा ही मुलांची रोजची जागा झाली. देवाशी असते त्याहून ही जवळीक वेगळी होती, आणि मालकीची भावना तिच्याच पोटी जन्मली.

गंमत म्हणजे ज्या वेताळाला मराठी वाचक अस्सल मानत होता, तो आधीच बदललेला होता. फॉकच्या मूळ कथांतल्या चाच्यांच्या टोळीचे नाव ‘सिंग’ होते. इथल्या वाचकांना ते खटकेल म्हणून इंद्रजालने ते ‘सिंगा’ केले. कथा घडायची तो मुलूखही मूळ नावाने बंगालची आठवण करून देणारा, म्हणून तो इथे ‘डेंकाली’ झाला. वेताळाच्या अंगाचा जांभळा रंगही सगळीकडे जांभळा नव्हता. स्वीडन-नॉर्वेच्या वाचकांनी तो निळा पाहिला, इटलीतल्यांनी तांबडा. १९९६मध्ये बिली झेनला घेऊन हॉलिवूडने ‘द फँटम’ काढला तो जांभळ्यातच. म्हणजे अमेरिकेला जे मुळाबरहुकूम वाटले, तेच स्टॉकहोममधल्या वाचकाच्या बालपणाच्या विरुद्ध होते. मूळ एकच असते असे चाहता धरून चालतो. प्रत्यक्षात त्याच्यासाठी मूळ म्हणजे दहाव्या-बाराव्या वर्षी हाती पडलेला अंक.

मराठीत याची परीक्षा उशिरा झाली. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ नोव्हेंबर १९९१पासून ‘सकाळ’मध्ये छापून येऊ लागला. वीस वर्षे तो रोज सकाळी चहाबरोबर दोन-तीन चौकटींत भेटत होता, न वाढता आणि आवाजाशिवाय. २०१२मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी त्याचा सिनेमा केला आणि शुभंकर अत्रे चिंटू झाला. रेघांच्या पोराला हाडामांसाचा चेहरा आला, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आवाज आला. प्रत्येक वाचकाने चिंटूला आपापल्या डोक्यात एक आवाज दिलेला होता. पडद्यावरचा कितीही गोड असला, तरी त्याची गाठ त्या हजारो आवाजांशी होती.

‘फास्टर फेणे’ ऊर्फ फाफेचे प्रकरण आणखी वेगळे. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे कॉमिक्समधला नसला, तरी मराठी मुलांना महानायक म्हणून जो कोणी लाभला तो हाच. फुरसुंगीचा किडकिडीत पोरगा, ना कवच ना केप. सायकल, डोके आणि ‘ट्टॉक’ एवढ्यावर तो संकटाला भिडायचा. दूरदर्शनने १९८७मध्ये त्याची मालिका केली, त्यात सुमीत राघवन होता. ऑक्टोबर २०१७मध्ये आदित्य सरपोतदार यांच्या ‘फास्टर फेणे’मध्ये अमेय वाघने साकारलेला फाफे आला तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसणारा तरुण म्हणून. पुस्तके वाचून मोठ्या झालेल्यांपुढे पेच उभा राहिला. आपण चाळिशीला पोचलो तरी फाफेने शाळेतच राहावे असे वाटणारे होते. तो आपल्याबरोबर थोडा तरी वाढला, याने सुखावणारेही होते. चित्रपटकर्त्यांनी दिलीप प्रभावळकरांना खुद्द भागवतांच्या रूपात पडद्यावर आणले. नायकाला त्याच्या लेखकासमोरच उभे केल्याने जुन्या वाचकाची निम्मी तक्रार आधीच मिटली.

या सगळ्यात मलकापूरसारख्या गावाची जागा कुठे होती? सिनेधंद्याच्या नकाशात वऱ्हाड ‘सीपी-बेरार’ मुलखात मोडतो आणि या पट्ट्यातल्या वितरकांची संघटना, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन, हिचे ठाणे भुसावळला, म्हणजे मलकापूरहून रेल्वेने पन्नासेक किलोमीटरवर. रिळांचा जमाना होता तोवर पेट्या एका टॉकीजमधून सुटल्या की दुसरीकडे जायच्या, आणि मोठ्या शहरांतून सुटून तालुक्याला यायला वेळ लागायचा. प्रत येईतो ती झिजलेली असायची आणि पिक्चरबद्दलचे मत कधीच गावात पोचलेले असायचे. ‘कसा हाये बे पिच्चर?’ याचे उत्तर मुंबईहून सुटीवर आलेला कुणाचा तरी मामेभाऊ द्यायचा, आणि तेच गावभर चालायचे. स्वतः आधी पाहून मत देण्याची पाळी या गावांवर क्वचितच येई. २००५च्या सुमारास उपग्रहावरून थेट टॉकीजला सिनेमा पोचवण्याची सोय आली, रिळांच्या पेट्या इतिहासजमा झाल्या आणि लहान गावांनाही पहिला शुक्रवार मिळू लागला. एप्रिल २०१९मध्ये ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’ हिंदीतही एकाच दिवशी देशभर लागला, तेव्हा शेवट फोडू नका अशी गयावया सगळीकडे एकदमच चालली होती. मामेभावाची मक्तेदारी संपली.

पण तोवर शहरातला चाहता आणखी एक पाऊल पुढे गेला होता. सिनेमा बघून मत देण्याची गरजच त्याला उरली नव्हती. अमेरिकेत १९८८मध्ये बॅटमॅनसाठी मायकेल कीटनचे नाव जाहीर झाले, तेव्हा विनोदी भूमिका करणारा हा नट बॅटमॅन कसा, म्हणून वॉर्नर ब्रदर्सकडे हजारो निषेधपत्रे आली. एक फ्रेमही कुणी पाहिलेली नव्हती. पुढच्या वर्षी सिनेमा आला, तुफान चालला आणि कीटन अनेकांचा कायमचा बॅटमॅन झाला. २०१७च्या ‘जस्टिस लीग’नंतर चाहत्यांनी मागणी लावून धरली ती दिग्दर्शक झॅक स्नायडर यांच्या मनातल्या आवृत्तीची. २०२१मध्ये चार तासांचा तो सिनेमा खरोखरच प्रदर्शित झाला. कीर्तनातल्या चुळबुळीने सांगणाऱ्याचा सूर बदलायचा. इथे कंपनीने कोट्यवधी डॉलर ओतून अख्खी गोष्ट पुन्हा सांगितली.

महाराष्ट्रात याचे सर्वांत ताजे उदाहरण कॉमिक्सचे नाही. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर बेतलेल्या ‘छावा’चा ट्रेलर जानेवारी २०२५मध्ये आला. त्यात संभाजीराजे लेझीम खेळताना दिसले आणि आक्षेपांची राळ उठली. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी राज ठाकरे यांची भेट घेतली आणि तो भाग वगळत असल्याचे जाहीर केले. १४ फेब्रुवारीला सिनेमा लागला तो त्या दृश्याविना. छत्रपती हे काही काल्पनिक महानायक नव्हेत आणि लोकांच्या भावनेचे वजनही इथे वेगळे आहे. तरी निवाड्याची चाल तीच आहे: मनात ठरलेले एक चित्र, ट्रेलरमधले काही सेकंद आणि प्रदर्शनाआधीच लागलेला निकाल.

त्याच महिन्यात, २८ फेब्रुवारीला, रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ लागला. नायक आपला असे वाटले की काय करायचे, याचे मालेगावकरांचे उत्तर फार वेगळे होते. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी आधी ‘मालेगाव के शोले’ काढला आणि मग सुपरमॅनला हात घातला. यंत्रमागावर काम करणारा शफीक शेख, अंगाने काडी, त्यांचा सुपरमॅन झाला. हा सुपरमॅन दम्याने बेजार. त्याची लढाई होती ती गावातली घाण आणि तंबाखू यांच्याशी. ट्रॉलीचे काम सायकलीवर भागवले, क्रेनचे बैलगाडीवर. उडण्यासाठी हिरवा पडदा बांधून शफीकला आडवे टांगले, आणि चित्रीकरण चालू असताना कॅमेराच पाण्यात पडला. फैजा अहमद खान यांच्या २००८च्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात हे सारे दिसते. शफीक २०११मध्ये तोंडाच्या कर्करोगाने गेला.

मालेगावच्या सुपरमॅनमध्ये मूळ कॉमिक्सशी जुळणारे फारच थोडे आहे आणि त्याबद्दल तिथे कुणी खंत केली नाही. मेट्रोपोलिसच्या जागी आपले गाव आणि लेक्स लूथरच्या जागी आपल्या गल्लीतला त्रास, एवढे बसले की सुपरमॅन त्यांचा झाला. इमान राखायचे ते पोशाखाशी की संकटात धावून येण्याशी, याचा निर्णय त्यांनी चर्चेत नव्हे, चित्रीकरणात घेतला. पुढे ‘सुपरबॉइज’मध्ये त्यांचीच गोष्ट मुंबईच्या नटांनी साकारली, तेव्हा माहितीपट पाहिलेले लोक ‘खरा शफीक असा नव्हता’ म्हणायला मोकळे झाले. चाहते स्वतःच पात्रे बनले आणि रूपांतराच्या कसोटीला लागले.

वऱ्हाडात या परंपरेचा धागा सध्या मोबाइलवर सापडतो. हॉलिवूडच्या दृश्यांवर वऱ्हाडी संवाद चढवलेल्या चित्रफिती हातोहात फिरतात. त्यांतले महानायक एकमेकांना ‘काऊन बे’ म्हणून हटकतात आणि जग वाचवण्याआधी उसनवारीचा हिशेब काढतात. कॉमिक्सचे जाणकार कपाळाला हात लावतात, कंपन्यांचे वकील हक्कभंग मोजू शकतात. करणाऱ्या पोरांना दोहोंचीही फिकीर नसते. पुढच्या फितीत कोणाला कोणाच्या वावरात उतरवायचे, यावर त्यांची चर्चा चाललेली असते.