देवाला माझे काय काम?

रविवारचे चिंतन : लूक १०:२५-३७



तीन आठवड्यांपूर्वी रविवारची मिस्सा आटोपल्यावर आपल्यातले एक आजोबा चर्चच्या पायरीवर बसून राहिले होते. सगळे घरी गेले तरी ते उठेनात, म्हणून मी जवळ जाऊन बसलो. आपल्या पूर्णा गावातील अनेकांप्रमाणे त्यांचीही उभी हयात रेल्वेत गेली. फिटर म्हणून लागले आणि फिटर म्हणूनच निवृत्त झाले. ते म्हणाले, "फादर, आमची मंडळी गेली. पोरं पुण्याला. सकाळ होते, संध्याकाळ होते. देवानं मला कशासाठी ठेवलंय? त्याला माझं काय काम?"

खरे सांगतो, मला पटकन उत्तर सुचले नाही. हा प्रश्न केवळ म्हाताऱ्यांचा नाही. दहावी-बारावीनंतर पुढे काय, या विचाराने गोंधळलेल्या मुलाचाही तो आहे. दिवसभर चूल आणि धुणीभांडी करून थकलेल्या माऊलीचाही आहे. पाचारण म्हटले की आपल्याला वाटते, ते फादर आणि सिस्टर लोकांना असते. आपल्याला कसले आले पाचारण?

आजचे शुभवर्तमान नीट ऐका. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर एक माणूस अर्धमेला होऊन पडला आहे. याजक येतो, बाजूने निघून जातो. लेवी येतो, तोही जातो. मग एक शोमरोनी येतो. तो काही समाजसेवा करायला घराबाहेर पडलेला नव्हता. तो आपल्या कामाला निघाला होता. त्याच्याजवळ तेल होते, द्राक्षारस होता, बसायला जनावर होते, खिशात थोडे पैसे होते. हे सगळे त्याने स्वतःच्या प्रवासासाठी बरोबर घेतले होते. त्या जखमी माणसाला पाहून त्याला कळवळा आला, आणि जे जवळ होते तेच त्याने वापरले. शास्त्र्याने विचारले होते की आपण शेजारी कोणाला म्हणावे. प्रभूने तो प्रश्न उलटा केला. पडलेल्या माणसाचा शेजारी कोण झाला, असे त्याने विचारले. शेजारी शोधायचा नसतो, शेजारी व्हायचे असते.

बंधुभगिनींनो, आपल्या मराठवाड्याने अशी एक पहाट पाहिली आहे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून माणसे उशिरा झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी आणि सास्तूर परिसरात जमीन हादरली. दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी ती घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत सुमारे १०,००० माणसे मरण पावली. ५२ गावे नव्या जागी पुन्हा वसवावी लागली.

अशा वेळी लोक विचारतात, हे कोणाच्या पापाचे फळ? प्रभू येशूला हा विचार ठाऊक होता. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ जण ठार झाले होते, ती आठवण लूकच्या १३व्या अध्यायात आहे. ते अठरा जण इतरांपेक्षा अधिक पापी होते, हे प्रभूने साफ नाकारले. म्हणून कोणाही दुःखी माणसाच्या दारात जाऊन त्याच्या पापाचा हिशेब मांडू नका. आणि आपल्याला सेवेची संधी मिळावी म्हणून देवाने संकट धाडले, असेही बोलू नका. आपले मूल गमावलेल्या आईला असे बोलणे म्हणजे जखमेवर मीठ आहे. पहिल्या राजांच्या पुस्तकात, १९व्या अध्यायात, एलिया डोंगरावर उभा होता. सोसाट्याचा वारा सुटला, भूकंप झाला, आग पेटली. त्यात परमेश्वर नव्हता. नंतर आलेल्या अगदी हलक्या आवाजात एलियाने त्याला ओळखले आणि आपला चेहरा झाकून घेतला. तो आवाज ऐकायला कान शांत असावे लागतात.

त्या आजोबांना मी किल्लारीचे नाव काढताच ते सावरून बसले. म्हणाले, "फादर, मी गेलो होतो की! चार दिवस रजा टाकून." तेव्हा ते पस्तिशीत होते. चार मित्रांबरोबर धान्याची पोती घेऊन गेले. ढिगारे उपसायचे काम मिळेल असे त्यांना वाटले होते. पण तिथे कोणीतरी विचारले, पाना धरता येतो का कोणाला? एका छावणीजवळचा हातपंप बंद पडला होता. आजोबांनी तो खोलला, दुपारपर्यंत झटले आणि पाणी आणले. मग दुसऱ्या वस्तीवरून बोलावणे आले, मग तिसऱ्या. "पहिल्या पंपावर एका म्हातारीनं घागर भरली," ते सांगत होते. "तिच्या घरातलं कोणीच उरलं नव्हतं. घागर खाली ठेवली आणि मला विचारते, बाळा, तू जेवलास का?" एवढे बोलून ते थांबले. थोड्या वेळाने म्हणाले, "त्या चार दिवसांत मी जन्माला का आलो, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही."

बंधुभगिनींनो, माझे प्रवचन त्या एका वाक्यात आले आहे. आपले जीवनकार्य आपण घरात बसून विचार करकरून शोधू पाहतो. देव ते आपल्याला दुसऱ्याच्या गरजेतून दाखवतो. शोमरोनी माणसाजवळ तेल होते, आजोबांजवळ पाना होता.

आता त्या दाखल्यातील आणखी एका माणसाकडे बघा. त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. तो आहे उतारशाळेचा रखवालदार. शोमरोनी दोन दीनार देऊन दुसऱ्या दिवशी पुढे गेला. जखमी माणसाला रोज पाणी देणे, जखम धुणे, रात्री उठून बघणे हे रखवालदाराच्या वाट्याला आले. संकटाच्या पहिल्या आठवड्यात ट्रकच्या रांगा लागतात, वर्तमानपत्रात फोटो येतात. महिन्याभराने रस्ता मोकळा होतो आणि दुःख मात्र तिथेच राहते. तेव्हा रखवालदार लागतो. किल्लारीनंतर असे रखवालदार उभे राहिले. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथा यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्याला नेले आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. ते काम एका आठवड्याचे नव्हते, वर्षानुवर्षांचे होते. ती माणसे आपल्या धर्माची नाहीत. पण प्रभूनेसुद्धा दाखल्यासाठी शोमरोनी निवडला, हे विसरू नका.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांतील बायकांनी, प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर, घरे दुरुस्त करण्याच्या व मजबूत करण्याच्या कामात पुढाकार घेतला. कालपर्यंत चारचौघांत न बोलणाऱ्या बाया संवाद सहायक झाल्या. घरोघर जाऊन भिंत कशी बांधावी, सरकारी मदत कशी वापरावी हे सांगू लागल्या. पुढे २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातमध्ये भूकंप झाला, तेव्हा यांतील काही बाया तिकडच्या बायकांना धीर द्यायला गेल्या. भाषा वेगळी होती, पण पडलेले घर दोघींनीही पाहिले होते. देवाने त्यांना दुःख दिले नव्हते. पण आलेले दुःख त्याने वायाही जाऊ दिले नाही.

संत मदर तेरेसांचेही असेच झाले. ऑगस्ट १९४६ मध्ये कोलकात्यात भीषण दंगल उसळली. शाळेतील सुमारे ३०० मुलींसाठी अन्न उरले नव्हते. सिस्टर तेरेसा भिंतीबाहेर पडल्या त्या तांदूळ शोधायला, नवे पाचारण शोधायला नव्हे. रस्त्यावर त्यांनी जे पाहिले ते त्यांना विसरता आले नाही. महिनाभरातच, १० सप्टेंबर १९४६ रोजी, दार्जिलिंगला जाणाऱ्या आगगाडीत त्यांना प्रभूची हाक ऐकू आली. आगगाडीत, बरे का! पूर्णेच्या माणसांनी हे ध्यानात ठेवावे.

एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानेने व्याकूळ झाले, तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी आली. पहिल्या फेरीत १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. त्या वाघिणी दूर राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात आतून धुऊन स्वच्छ केल्या होत्या. लातूरच्या ज्या मुलाने ते पाणी प्यायले, त्याला वाघीण घासणाऱ्या कामगाराचे नाव कधीच कळणार नाही. प्रभूला मात्र ते ठाऊक आहे. मत्तयच्या २५व्या अध्यायात तहानेल्याला दिलेले पाणी प्रभू स्वतःला दिलेले समजतो.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्याचे काय झाले, हे आपण सर्वांनी पाहिले. सोयाबीन कुजले, जमिनी खरवडून गेल्या, घरांत पाणी शिरले. म्हणून या आठवड्यात प्रत्येकाने देवासमोर शांत बसून तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. माझ्या गल्लीत आज कोण पडलेले आहे? माझ्याजवळ काय आहे? आणि दोन दीनार देऊन झाल्यावर मी पुन्हा कधी जाणार आहे? ज्याला फॉर्म भरता येतो त्याने पिकाच्या नुकसानीचा फॉर्म भरून द्यावा. जिला शिवण येते तिने शाळेचा गणवेश शिवावा. अंथरुणाला खिळलेल्यांनी इतरांसाठी प्रार्थना करावी, त्यांचे काम सर्वांत मोठे आहे. मात्र फाटके कपडे काढून टाकण्याला सेवा म्हणू नका, आणि देताना समोरच्याची मान खाली जाईल असे देऊ नका. किल्लारीची ती म्हातारी आठवा. ती घेणारी होती, आणि जेवलास का असे विचारून देणारीही झाली.

गेल्या मंगळवारी ते आजोबा माझ्याकडे आले होते. सायकलच्या हँडलला जुनी पिशवी अडकवलेली होती. त्यांनी पुन्हा तो प्रश्न विचारला नाही. एवढेच विचारले, "फादर, नदीकडच्या वस्तीतला हातपंप कोणी बघितला का?"

प्रार्थना करू या : हे प्रभो, आमच्या वाटेवर पडलेला माणूस आम्हाला दिसू दे. आमच्या पिशवीत तू जे ठेवले आहेस ते बाहेर काढण्याचे धैर्य दे. ज्यांनी आपली माणसे आणि घरे गमावली त्यांना आधार दे, आणि तो आधार आमच्या हातून पोहोचू दे. आमेन.