नक्कल आणि साक्ष

अमेरिकेंत जुन्या मोटारगाड्या जतन करणारे शौकीन पुष्कळ आहेत. त्यांच्यापुढें असलेला एक प्रश्न आमच्या खेड्यांतील मंडळ्यांसही विचार करण्याजोगा आहे, म्हणून तो येथें मांडतों.

त्या देशांत १९५८ सालीं सेनेटर मनरोनी ह्यांच्या पुढाकारानें एक कायदा झाला. त्या अन्वयें प्रत्येक नव्या गाडीच्या कांचेवर तिची किंमत दर्शविणारा कागद लावणें कारखानदारांस भाग पडलें. शिवाय गाडी जुळवितांना तींत कोणतें इंजिन व कोणती बैठक घालावयाची, ह्याचा तक्ता कामगारांजवळ असे. तो कधीं कधीं बैठकीच्या स्प्रिंगांत तसाच राहून जाई व पुष्कळ वर्षांनीं सांपडे. दोन सारख्या गाड्यांपैकीं जिच्यांत मूळचेंच दुर्मिळ इंजिन आहे, तिला फार अधिक मोल येतें. आणि ती मूळची कशी होती, ह्याचा साक्षीदार हा कागद. परंतु असे कागद बहुधा फाटले किंवा हरवले. म्हणून त्यांच्या हुबेहूब नकला आज छापून मिळतात.

नक्कल करणें पाप आहे काय? नाहीं. प्रदर्शनांत ‘ही नक्कल आहे’ असें लिहून ठेवणारा कोणास फसवीत नाहीं. उलट, नसलेलें इंजिन कागदावर दाखवून पैसे घेणारा चोर होय, हेंही उघड आहे. कठीण प्रश्न मधल्या मनुष्याचा. तो म्हणतो, “माझी गाडी खरी, कागदांतील मजकूरही खरा. मग कागद नवा आहे हें न सांगतां, तो चहाच्या पाण्यानें थोडा पिवळा केला, तर ह्यांत असत्य तें कोणतें?”

आमचें उत्तर असें. चोरी खरोखर झाली असेल, चोरही तोच असेल. तथापि जो तेथें नव्हता तो ‘मीं डोळ्यांनीं पाहिलें’ असें शपथेवर म्हणेल, तर तो खोटा साक्षीदारच. यहोशवाच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायांतील गिबोनकर आठवा. जुनीं गोणपाटें, ठिगळांचे जोडे व बुरशी आलेली भाकर त्यांनीं दाखविली. बुरशी खरीच होती. ती दूरच्या प्रवासाची साक्ष म्हणून पुढें केली, हें असत्य.

कोणी म्हणेल, विकतांना तोंडानें सांगितलें म्हणजे झालें. परंतु मनुष्य मरतो, कागद मागें राहतो. घेणाराचा मुलगा गाडी विकील, तेव्हां ती नक्कल अस्सल म्हणून बोलूं लागेल. म्हणून ‘नक्कल’ हा शब्द कागदावरच, न पुसेल असा असावा.

उपदेशक बंधूंनो, आपल्या हातीं मोटारगाडी नाहीं, पण मंडळीचें दप्तर आहे. बाप्तिस्म्याचा दाखला वाळवीनें खाल्ला, म्हणजे बाप विनंती करितो, “मास्तर, दाखला दिल्याची तारीख जुनीच घाला, बाकी सगळें खरेंच आहे ना?” अशा वेळीं दप्तर पाहून अस्सलबरहुकूम नक्कल द्यावी, तीवर ‘नक्कल’ असें लिहावें आणि आजचीच तारीख घालावी. नवा कागद पाहून कचेरींत कोणी शंका घेईल व त्या गरिबास तालुक्याची आणखी एक खेप पडेल. पडली, तर आपण त्याच्याबरोबर जावें. सत्याचा भार त्याच्या एकट्याच्या खांद्यावर टाकूं नये.