ओल्या रंगाचं गाऱ्हाणं

बा देवा म्हाराजा, मालवणच्या दांडी किनाऱ्यावर स्टँड रोवून उभी आहे. गाऱ्हाणं घालायला गावकार सोबत नाही, म्हणून मीच घालते आणि मधेमधे ‘व्हय म्हाराजा’ही मीच म्हणते. चालवून घे.

सूर्य थोपव, असं मागणार नाही. तो माडांवर चढत जातो म्हणून तर समोरचं पाणी घटकेघटकेला रंग पालटतं, आणि त्याच लोभानं मी एवढं सामान वाहून आणलं. मागणं इतकंच, की जे गेलं ते मला सोडता यावं. मघाशी सिंधुदुर्गाच्या तटावर नारिंगी पट्टा होता, आता तिथे नुसतं फिकट पिवळं ऊन आहे. पट्टा आठवून पुन्हा लावायला हात गेला, तर मनगट धर. क्लोद मोनेचं बरं होतं. एत्रेतच्या किनाऱ्यावर एकाच देखाव्याचे वेगवेगळ्या वेळचे पाच-सहा कॅनव्हास घेऊन पोरं त्याच्या मागून चालत, असं मोपासाँनं लिहून ठेवलंय. उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. माझ्याकडे एकच आहे, आणि पोरं आहेत ती प्रश्न विचारणारी.

त्यातलंच एक आत्ता खांद्याशी उभं आहे. ‘काकी, आमची होडी हिरवी आसा, जांभळी कित्याक केल्यात?’ देवा, याला सांगायला शब्द दे. होडीच्या या अंगाला ऊन पोचत नाही रे, पण आभाळ पोचतं. आणि बाजूची वाळू पिवळी तापलेली, म्हणून सावली निळी-जांभळी दिसते. काळ्या रंगाची ट्यूब मी घरीच ठेवून आले, तेवढा मोह तरी टळला. पण होडी हिरवी आहे हे मला ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असणंच आड येतं. ओल्या वाळूत होडीच्या बुडाशी एक बोटभर पट्टी आहे, तिथे हिरवा, आभाळी आणि थोडा गुलाबी एकमेकांत न मिसळता शेजारी-शेजारी पडलेत. तेवढी पट्टी मला नीट दिसू दे. बाकीचं चित्र बिघडलं तरी तक्रार करणार नाही.

आणि रंग पॅलेटवर घोटत बसायची माझी खोड मोड. ठिपका लावावा आणि हात उचलावा. दोनदा फिरवला की चिखल होतो.

१८४१ साली रंगासाठी टिनची ट्यूब शोधणाऱ्या जॉन रँडचं भलं कर. त्याआधी तैलरंग डुकराच्या मूत्राशयात बांधून न्यावे लागत. तो नसता तर मी आज घरात बसून फळांची टोपली काढत असते.

वाळू उडाली तर उडू दे. मोनेनं १८७० साली त्रूव्हीलच्या किनाऱ्यावर काढलेल्या चित्रात वाळूचे कण अजून रुतलेले आहेत, आणि लंडनच्या नॅशनल गॅलरीत ते मानानं टांगलंय. लाटेचं मात्र सांभाळ. १८८५ साली एत्रेतच्या कड्याखाली भरतीची वेळ हुकली आणि लाटेनं त्याला खडकावर आपटलं, स्टँड-रंग ओढून नेले. आज अष्टमी, पाणी भांगाचं, तेही ओहोटीला लागलेलं. तेव्हा धोका कमी. पण मान खाली घालून काम करणाऱ्याचा भरवसा काय! उधाणाच्या दिवशी मी इथे दिसले, तर कुणा रापणकराच्या तोंडून मला हाक मार.

दहाच्या सुमाराला खारा वारा सुटेल, कॅनव्हास शिडासारखा फुगेल. तोवर मला थांबायची बुद्धी दे. ‘अजून जरासं’ म्हणून आजवर बरीच चित्रं मारलीत मी.

या दमट हवेत तैलरंग आठवडाभर तरी वाळायचा नाही. तेव्हा शेवटचं मागणं: कुडाळच्या एसटीत खिडकीची जागा मिळू दे, ‘ह्या काय ओला घेवन चढतास’ म्हणून कंडक्टर डाफरू नये, आणि शेजारी बांगड्यांची पाटी घेऊन कुणी बसलीच, तर तिचा पदर माझ्या समुद्राला लागू देऊ नकोस.