भूमिधेनूचे वत्स



श्रीमद्भागवताच्या चौथ्या स्कंधातील पृथुराजाचे आख्यान आपण पुराणश्रवणात अनेक वेळा ऐकले असेल. पृथ्वीने सर्व बीजे आपल्या उदरात दडविली, प्रजा अन्नावाचून कृश झाली, तेव्हा राजाने क्रोधाने धनुष्य उचलले. पृथ्वी गायीचे रूप घेऊन पळाली. परंतु कोठेही आश्रय न मिळाल्याने अखेर राजालाच शरण आली. तिचे मागणे एवढेच होते की, मला मारू नये. योग्य वत्स, पात्र आणि दोग्धा आणावा, म्हणजे मी सर्व काही देईन. राजाने स्वायंभुव मनूला वत्स केले व सकल धान्ये दुहून घेतली. या कथेत ऐकणाऱ्याचे लक्ष दोग्ध्याकडे जाते, वत्साकडे जात नाही. वास्तविक वत्सावाचून गाय पान्हा सोडीत नाही. हा बोध आपल्या नगराला आज किती लागू आहे, हे आम्ही यथामति मांडीत आहोत.

आपल्या कोठीपासून मुसी नदी पायी जाण्याच्या अंतरावर आहे. 28 सप्टेंबर 1908 रोजी या नदीने जो प्रलय केला, त्यात हजारो माणसे वाहून गेली. अफझलगंजच्या एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे जीव वाचले. तो वृक्ष उस्मानिया रुग्णालयाच्या परिसरात आजही दाखविला जातो. पुढे विश्वेश्वरय्यांनी सल्ला दिला की, नगर वाचवावयाचे तर पूर वरच अडविला पाहिजे. त्यानुसार 1920 मध्ये मुसीवर उस्मानसागर आणि 1927 मध्ये ईसी नदीवर हिमायतसागर पूर्ण झाला. पुराचे भय कमी झाले आणि त्याच तळ्यांचे पाणी आपल्या घागरींत आले. ज्या पाण्याने मारले, तेच पाळू लागले. दोहन म्हणतात ते हेच.

परंतु तळे म्हणजे केवळ बांध नव्हे. त्याच्या वरच्या अंगाची शेते, माळ, ओढे, नाले हे सर्व त्या गायीचे शरीर आहे. नांगरलेली भूमी पाऊस पिते आणि सावकाश सोडते; सिमेंटने झाकलेली भूमी तोच पाऊस एकदम लोटून देते, आणि बरोबर सांडपाणीही. हे जाणूनच 8 मार्च 1996 रोजी त्या वेळच्या आंध्र प्रदेश शासनाने 111 क्रमांकाचा आदेश काढला. दोन्ही तळ्यांभोवती दहा किलोमीटरच्या परिघातील 84 गावांत दूषण करणारे कारखाने, मोठी हॉटेले व निवासी वसाहती यांस मनाई झाली आणि बहुतेक भूमी शेती, बागा व हिरवाई यांसाठी राखली गेली. या परिघात एका कारखान्याला दिलेली सूट सर्वोच्च न्यायालयाने 1 डिसेंबर 2000 रोजी रद्द ठरविली. तथापि 12 एप्रिल 2022 रोजी तेलंगण शासनाने नव्या आदेशाने ते निर्बंध उठविले, आणि मे 2023 मध्ये मंत्रिमंडळाने मूळ आदेश पूर्णपणे रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला. कारण असे दिले गेले की, नगराला आता कृष्णा-गोदावरीचे पाणी मिळते, या तळ्यांची पूर्वीसारखी गरज उरली नाही.

गाय आटली म्हणून तिला खाटकाकडे धाडावे, असे आपल्यापैकी कोण म्हणेल? आणि ही गाय तर आटलेलीही नाही. सप्टेंबर 2025 च्या अखेरीस दोन्ही तळ्यांचे दरवाजे उघडावे लागले, तेव्हा मुसीचे पाणी गौलीगुड्याच्या महात्मा गांधी बसस्थानकात शिरले आणि अडकलेल्या प्रवाशांना बाहेर काढावे लागले. वरची शेतेही फरसबंद झाली, तर पुढचा पूर कोणाच्या दारी येईल, हे कोठीकरांस सांगणे नलगे.

आता आमचा स्वतःचा दोष सांगतो. आमचे वडील पौरोहित्य करतात. आम्ही शालेय शिक्षण संपवून त्यांच्या हाताखाली असतो. काही काळापूर्वी त्या 84 गावांपैकी एका गावी भूमिपूजनाचे बोलावणे आले. कलश मांडला, त्याच्या भोवती ज्वारीची खुंटे अजून उभी होती. भूमी विकणारा म्हातारा शेतकरी बांधावर बसून होता. पूजा आटोपल्यावर तो वडिलांना म्हणाला, "पंतुलुगारू, तुम्ही शहरातली माणसे म्हणता शेत राखा. सव्वीस वर्षे राखले. पलीकडच्या गावात एकराला मोल आले, आमच्या लेकींची लग्ने कर्जात झाली. राखल्याबद्दल कोणी आम्हाला काय दिले?" वडील निरुत्तर झाले. आम्ही दक्षिणा घेऊन परतलो. परंतु ती दक्षिणा आम्हाला गोड लागली नाही.

त्या म्हाताऱ्याचा प्रश्न खरा आहे. आपण पाणी प्यालो, पुरापासून वाचलो, आणि त्या संरक्षणाचे मोल चौऱ्याऐंशी गावांनी एकट्यांनी दिले. वत्साला दूर बांधून आपण धार काढीत राहिलो. म्हणून केवळ "शेतभूमी व्यापारास देऊ नका" एवढेच म्हणणे अर्धा धर्म होय. भूमी राखणाऱ्याला राखण्याचे मोल मिळाले पाहिजे, हा उरलेला अर्धा.

यास्तव आमची विनंती अशी. त्या परिघातील शेताचे तुकडे पाडून विकले जाणारे प्लॉट आपण घेऊ नयेत. घेणाराच नसेल तर विकणारा कोण? नगरपालक व लोकप्रतिनिधी यांच्याकडे आपण एकमुखाने मागावे की, शेतीची भूमी शेतीलाच राहावी आणि तिच्या धन्याला नगराच्या तिजोरीतून दरसाल मोबदला मिळावा. चिल्कूरच्या बालाजीला प्रदक्षिणा घालण्यास आपण जातो, तेही गाव याच परिघातले. येताना तेथील शेतकऱ्याकडून भाजी, फुले घ्यावीत आणि घासाघीस करू नये. आणि आमच्यापुरते सांगावयाचे तर, त्या 84 गावांत पिकाची भूमी मोडून उठणाऱ्या वास्तूचे पूजन यापुढे न करण्याचे वडिलांनी ठरविले आहे. उत्पन्न घटेल, घटो.

पृथूने धनुष्य खाली ठेवले, आणि त्याच्याच नावावरून या भूमीला पृथ्वी हे नाव मिळाले. आपल्या हातात धनुष्य नाही, खरेदीखताची लेखणी आहे. तीही वेळीच खाली ठेवता यावी, अशी श्रीचरणी प्रार्थना करून आम्ही विराम घेतो.

शुभं भवतु.