सामुदायिक दान आणि पात्रविचार

श्रीक्षेत्री येणारा भाविक दर्शन आटोपल्यावर दानपेटीसमोर क्षणभर थांबतो. कुणी मुठीतले नाणे टाकतो, कुणी देणगी कक्षात जाऊन रीतसर पावती घेतो, तर कुणी वडिलांच्या पुण्यस्मरणार्थ कायम निधीत रक्कम ठेवतो. हात जोडून तो सभामंडपाबाहेर पडतो, तेव्हा त्याच्या मनाने दान पूर्ण झालेले असते. वास्तविक दानाचा प्रवास तेथूनच सुरू होतो. हजारो अनोळखी हातांनी दिलेले ते द्रव्य एकत्र येते आणि ते कोणाच्या उपयोगी पडावे, हे दुसऱ्याच कुणाला तरी ठरवावे लागते. हे ठरविण्याची कसोटी कोणती असावी, याचा विचार प्रत्येक दात्याने एकदा तरी करावा, या हेतूने हे चार शब्द.

एकत्र येऊन देण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. अन्नछत्रे, पाणपोया आणि धर्मशाळा अशाच लोकवर्गणीतून उभ्या राहिल्या. रोजच्या दळणातले मूठभर धान्य बाजूला काढून सार्वजनिक कार्यासाठी मुष्टिफंड जमविणारी घरेही महाराष्ट्राने पाहिली आहेत. पुढे या ओघाला आरोग्यसेवेची जोड मिळाली. शिर्डीच्या श्री साईबाबा संस्थानाने स्वतःची रुग्णालये चालविली. मुंबईचा श्री सिद्धिविनायक मंदिर न्यास गरजू रुग्णांना उपचारासाठी अर्थसाहाय्य देतो. तिसरा मार्ग म्हणजे आपल्या परिसरात रुग्णसेवा, अपंगसेवा, वृद्धसेवा वा निराधारांचा सांभाळ करणाऱ्या लहान संस्थांना अनुदान देणे. हा मार्ग सर्वांत कमी डोळ्यांत भरणारा आहे, आणि विचाराची कसोटी पाहणाराही हाच आहे.

या मार्गाविषयी एक शंका नेहमी घेतली जाते. ज्याला द्यायचे त्याचा चेहरा आपण पाहिला नाही, त्याची व्यथा ऐकली नाही. मग ते दान कसले? महाद्वारापाशी पसरलेल्या हातावर चार पैसे ठेवताना जो कळवळा दाटून येतो, तो दानपेटीत टाकलेल्या नोटेत कोठून येणार? ही शंका थट्टेवारी नेण्यासारखी नाही. करुणा माणसाच्या दर्शनाने जागी होते, हे खरेच आहे.

तथापि भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे जे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांकडे लक्ष द्यावे. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, कर्तव्य म्हणून, देश, काल आणि पात्र पाहून दिलेले दान ते सात्त्विक. फळावर दृष्टी ठेवून किंवा जिवावर आल्यासारखे दिलेले ते राजस. अयोग्य स्थळी, अयोग्य वेळी, अपात्री अथवा घेणाऱ्याची अवहेलना करून दिलेले ते तामस. दान देऊनही घेणाऱ्याचा मान हिरावून घेता येतो, हे येथे स्पष्टपणे मानले आहे. समोरासमोरच्या दानात हा धोका सदैव असतो. देणारा नकळत उंच होतो, घेणारा नकळत वाकतो. दानपेटीतील रुपयाला मात्र नाव नसते. त्या रुपयातून ज्या मातेच्या बाळाला औषध मिळते, तिला कुणापुढेही ओशाळे व्हावे लागत नाही. सामुदायिक दानाचे पहिले पुण्य हेच, की ते देणाऱ्याला अहंकारापासून आणि घेणाऱ्याला संकोचापासून वाचविते.

परंतु देश, काल व पात्र पाहण्याची जबाबदारी यामुळे नाहीशी होत नाही. ती दात्याकडून विश्वस्तांकडे जाते आणि अधिक जड होते; कारण आता द्रव्य दुसऱ्याचे असते.

‘पात्र’ या शब्दाचा मूळ अर्थ भांडे असा आहे. भांड्याकडून आपण काय अपेक्षा करतो? ते गळके नसावे, स्वच्छ असावे, आणि त्यात घातलेले दुसऱ्याच्या मुखी जावे. येथे श्री संत गाडगेबाबांचे स्मरण होणे साहजिक आहे. हाती मडक्याचे खापर घेऊन फिरणाऱ्या या महापुरुषाला लोकांनी त्या भांड्याचेच नाव दिले. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी अनेक ठिकाणी धर्मशाळा उभारल्या, पण स्वतःच्या संसारासाठी त्यातले काही ठेवले नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. आपण उभे केलेले दुसऱ्याच्या हातून अधिक लोकांच्या उपयोगी पडणार असेल, तर ते निःशंकपणे देऊन टाकावे, हा धडा त्यांनी घालून दिला. आज दादर येथे त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कर्करोगाच्या उपचारासाठी दूरगावांहून आलेल्या रुग्णांना व नातेवाइकांना आसरा मिळतो.

मग पात्रतेची परीक्षा कोणाची घ्यावी? पुष्कळदा आपण ती रुग्णाची घेतो. हा खरोखर गरीब आहे का, व्यसनी तर नाही ना, याने स्वतःच आजार ओढवून घेतला नाही ना, असे प्रश्न विचारतो. वेदनेने तळमळणाऱ्याला असे प्रश्न विचारणे हे अवहेलनेच्या फार जवळ जाते. परीक्षा घ्यायचीच तर ती सेवा करणाऱ्या संस्थेची घ्यावी. तिचे हिशेब तपासलेले आहेत का? आलेला रुग्ण जात, धर्म वा ओळख न विचारता आत घेतला जातो का? अनुदानाचा रुपया खाटेपर्यंत पोहोचतो की वाटेतच झिरपतो? आपल्या राज्यात सार्वजनिक न्यासांसाठी १९५० चा कायदा आहे व त्यानुसार नोंदणी आणि लेखापरीक्षण बंधनकारक आहे, त्याचा हेतू हाच. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. समाजाच्या सवलतीवर उभ्या राहिलेल्या संस्थेवर समाजातील दुर्बलाचा हक्क असतो, हे तत्त्व त्यात मान्य झाले आहे.

संस्थेची पात्रता तिच्या इमारतीवरून ओळखू जाता फसगत होण्याचा संभव असतो. गडचिरोली जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी तेथे १९८६ मध्ये ‘सर्च’ या संस्थेचे कार्य सुरू केले. दवाखाना कसा असावा, हे त्यांनी आदिवासी बांधवांनाच विचारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे तो गावातल्या घरांसारखा बांधला गेला आणि त्याला त्यांच्या देवीचे, माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. पुढे संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाच्या काळजीचे शिक्षण दिले. घरोघरी जाणे, बाळाला ऊब देणे, श्वास अडला तर साहाय्य करणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे, एवढेच त्यांचे काम. तेथे हजार जन्मांमागे ६२ नवजात बालके दगावत असत; ते प्रमाण काही वर्षांत २५.५ वर आले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून घरोघरी नवजात बालकांच्या काळजीचा कार्यक्रम ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत देशभर राबविला जाऊ लागला.

या कार्यात मोठा खर्च शिक्षणाचा, मानधनाचा, औषधांचा आणि पायपिटीचा. जिच्यावर दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी बसवावी, अशी भिंत त्यात नाही. आपल्याकडे रुग्णवाहिकेला दाता मिळतो, पण तिच्या चालकाच्या पगाराला मिळत नाही. वृद्धाश्रमाच्या सभागृहाला मिळतो, पण रात्रपाळीच्या परिचारिकेला मिळत नाही. वस्तू दिसते आणि सेवा दिसत नाही, एवढेच त्याचे कारण. सामुदायिक निधीला स्वतःचे नाव नसल्याने, जेथे नाव लागत नाही तेथे देण्याचे सामर्थ्य त्याच्याच अंगी असते. ते त्याने वापरले पाहिजे.

आता सर्वांत अवघड प्रसंगाकडे येऊ. समजा, विश्वस्त मंडळापुढे दोन अर्ज आले आहेत आणि शिल्लक एकापुरतीच आहे. एक अर्ज आहे एका तरुणाच्या शस्त्रक्रियेचा. त्याची वृद्ध आई कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून आहे. दुसरा अर्ज आहे कुपोषित बालकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचा. ती बालके कोणत्याच बाकावर बसलेली नाहीत. अंतःकरण पहिल्याकडे ओढ घेते, हिशेब दुसऱ्याकडे बोट दाखवितो. यांपैकी एकच बाजू कायमची बरोबर, असे म्हणण्याचे धारिष्ट कुणी करू नये. समोरच्याला नेहमीच विन्मुख पाठविणारी संस्था कोरडी होते. नेहमी समोरच्यालाच देणारी संस्था, जे येऊच शकत नाहीत त्यांच्यावर अन्याय करते.

यातून निघणारा मार्ग असा, की निधीचा एक भाग तातडीच्या साहाय्यासाठी आधीच राखून ठेवावा आणि उरलेला चिरस्थायी सेवेकडे वळवावा. हे प्रमाण अर्ज हाती येण्यापूर्वी ठरलेले असावे, म्हणजे ओळख, वशिला वा क्षणाचा उमाळा यांचा शिरकाव होत नाही. ज्याला नकार द्यावा लागतो, त्याला कारण सांगावे व दुसरा मार्ग दाखवावा. जो परत गेला त्याचे ऋण आपल्यावर राहिले, ही जाणीव विश्वस्तांच्या मनातून जाऊ नये. शिवाय ज्या वाड्यावस्त्यांतून अर्ज लिहिणाराच कोणी नाही, तेथे स्वतः जाऊन पाहावे. अर्ज न येणे म्हणजे गरज नसणे असे नव्हे.

दात्याचे कर्तव्यही पावतीपाशी संपत नाही. आपल्या देणगीचे काय झाले, हे विचारणे म्हणजे अश्रद्धा नव्हे. वार्षिक अहवाल वाचावा, शक्य असल्यास अनुदान मिळालेल्या संस्थेत एखादा दिवस जाऊन यावे, आणि विशिष्ट वस्तूचा आग्रह न धरता वैद्यकीय निधीला मुक्त हस्ते द्यावे. महाद्वारापाशी पसरलेला हातही टाळू नये. सामुदायिक दानाने वैयक्तिक करुणेतून सुटका होत नसते. तिला दूरवर पोहोचण्याची वाट तेवढी मिळते.

मंदिरातून परतताना आपल्या हाती प्रसाद असतो. तो आपण एकट्याने खात नाही; घरी नेऊन, कणकण करून का होईना, सर्वांना वाटतो. देवापुढे ठेवलेले द्रव्यही असेच वाटले जावे, वाटणाऱ्याच्या हाताला विवेक असावा आणि घेणाऱ्याची मान ताठ राहावी, हीच श्रीचरणी प्रार्थना.